परत आलेल्या मिक्सरचा ढीग आणि ईपीआर सर्टिफिकेट : पर्यावरणाचं काम नक्की कुठं होतं?

भोसरी_स्टोअर्स

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर समजून घ्या. मी भोसरी एमआयडीसीत घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर्स आणि डिस्पॅच बघतो. मिक्सर, इस्त्री, टेबल फॅन असा माल, कंपनी मध्यम आकाराची. जानेवारीपासून कंप्लायन्सचं काम पण माझ्याकडंच आलंय कारण आधीच्या मॅडम सोडून गेल्या, आणि त्यांच्या फायली वाचता वाचता मला जे दिसलं ते इथं विचारावंसं वाटलं.

आमच्याकडं असं आहे की वॉरंटीत मशीन परत आली की डीलरला सरळ नवीन मशीन द्यायची, जुनी प्लांटच्या मागच्या शेडमध्ये टाकायची, आणि तिमाही संपत आली की सगळा लॉट नोंदणीकृत रिसायकलरच्या गाडीत भरून द्यायचा. त्याचं वजन होतं, कागद होतात, कमी पडतील ती ईपीआर सर्टिफिकेट विकत घेतो (ईपीआर म्हणजे विकलेला माल जुना झाला की त्याच्या रिसायकलिंगची उत्पादकावर असलेली जबाबदारी), सीपीसीबीच्या म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर विवरणपत्रं वेळेत जातात. कुठंच काही थकलेलं नाही. साहेबांच्या प्रेझेंटेशनमध्ये स्लाइड असते, पर्यावरण कामगिरी, शंभर टक्के.

मागच्या महिन्यात एका शनिवारी लोडिंगला गाडी उशिरा आली म्हणून मी शेडमध्ये बसलो होतो. गोणीतून एक मिक्सर काढला. टॅगवर डीलरनं लिहिलेलं 'डेड'. उलटा केला, खाली ते ओव्हरलोडचं लाल बटन असतं ना, ते वर आलेलं होतं. आत दाबलं, प्लगला लावला, आणि मशीन पहिल्या दिवसासारखी सुरू झाली. मग मला राहवेना, मी आणि आमचा हेल्पर दोघांनी गाडी येईपर्यंत तीस मशीन तपासल्या. नऊ नुसतं बटन दाबून चालू झाल्या. बाकीच्यातल्या बऱ्याच जणींचा फक्त कपलर गेलेला, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा, जो रबराचा असतो आणि पाच मिनिटांत बदलतो. आणि या सगळ्या मशीन संध्याकाळी श्रेडरला चालल्या होत्या, कायदेशीर, पावतीसकट.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. तांबं, पत्रा, प्लॅस्टिक, लाइनवर खर्च झालेली वीज, सगळं एका बटनापायी वाया, आणि वर त्या गिऱ्हाइकाला द्यायला आम्ही दुसरी मशीन बनवली ती वेगळीच. कागदावर मात्र आम्ही एक नंबर. माझा प्रश्न असा की नियम पाळल्यानं खरंच कारखान्याची पर्यावरणाची कामगिरी सुधारते का, की ती या परत आलेल्या मालाचं आपण काय करतो त्यावर ठरते? आणि दुरुस्ती सुरू केली तर ईपीआरच्या हिशोबात आमचं नुकसान होईल का? जाणकारांनी सांगावं.

---

कन्सेंटवाले_काका

तुमची तळमळ पोचली. मी ठाण्यात गेली वीस वर्षं कारखान्यांच्या प्रदूषण मंडळाच्या परवानग्या, म्हणजे कन्सेंट, हझार्डस ऑथरायझेशन, आता ईपीआर हीच कामं करतोय, तेव्हा नियमाचं जे आहे ते आधी सांगतो.

ई-कचरा नियम २०२२, लागू झाले १ एप्रिल २०२३ पासून. आधीच्या २०१६ च्या नियमात यादी छोटी होती, २१ वस्तूंची, आता ती १०६ वर गेली आणि त्यात तुमचे मिक्सर, पंखे, इस्त्री सगळे आले. म्हणून तुमच्यासारख्या कंपन्यांना हे दोन-तीन वर्षांतच नवीन लागलंय. आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जी बहुतेक जण वाचतच नाहीत ती म्हणजे ई-कचऱ्याची व्याख्या. जे उपकरण टाकून दिलं ते ई-कचरा, आणि उत्पादनातलं, दुरुस्तीतलं रिजेक्शन पण ई-कचरा. म्हणजे तुमच्या गेटवर मशीन परत आली म्हणून ती कचरा होत नाही हो. तुम्ही तिला टाकायचं ठरवता तेव्हा ती कचरा होते. तुमच्या कंपनीत तो निर्णय कोणीच घेत नाहीये, शेडच घेतंय.

दुसरं, वर्षाला किती टन रिसायकल करून दाखवायचं ते तुमचं टार्गेट कसं निघतं बघा. यंदा किती माल परत आला यावर ते अवलंबून नाही. त्या वस्तूचं सरासरी आयुष्य धरतात, तेवढ्या वर्षांपूर्वी तुम्ही बाजारात किती टन विकलं ते घेतात, आणि त्याचे टक्के. २०२३-२४ आणि २०२४-२५ ला ६०, पुढची दोन वर्षं ७०, २०२७-२८ पासून ८०. म्हणजे तुमच्याकडं यंदा रिटर्न दुप्पट झाले काय किंवा निम्मे झाले काय, यंदाचं टार्गेट तेच राहतं. उलट रिटर्नचा माल रिसायकलरला दिला की त्यातून सर्टिफिकेट तयार होतात, मग कंप्लायन्सच्या माणसाला मशीन फोडायला देणंच सोयीचं वाटतं. नियम वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, २०२२ च्या आधी हा माल कुठं जायचा ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण हा नियम विकून गेलेल्या, आयुष्य संपलेल्या मालासाठी लिहिलाय. वॉरंटीतल्या रिटर्नसाठी तो लिहिलेलाच नाही, ती जागा कंपनीनं स्वतः भरायची असते.

आता तुमचा नुकसानीचा प्रश्न. नुकसान नाही. पोर्टलवर रिफर्बिशर, म्हणजे जुना माल दुरुस्त करून परत वापरात आणणारा, म्हणून नोंदणी केलेल्याकडून ई-कचऱ्याची दुरुस्ती झाली तर त्याचं वेगळं सर्टिफिकेट असतं. त्यानं तुमची जबाबदारी संपत नाही, ती पुढं ढकलली जाते, पण ढकललेल्या वजनाच्या ७५ टक्केच पुढं मोजतात. म्हणजे वीस टन रिफर्बिशमध्ये दाखवलं तर त्या वाढीव आयुष्यानंतर पंधरा टनच तुमच्या नावावर येणार. चांगली सवलत आहे. माझ्या क्लायंटपैकी फार थोड्यांनी ती घेतलीय कारण त्यासाठी मशीन उघडणारी माणसं लागतात.

अजून एक, तो माल शेडमध्ये किती दिवस पडून असतो ते बघा. ई-कचरा म्हणून नोंद केलात की १८० दिवसांच्या वर ठेवता येत नाही, परवानगी काढली तर ३६५ पर्यंत. रजिस्टरला तारीख घालायला सुरुवात करा, आजपासूनच.

---

वाइंडिंग_इचलकरंजी

भाऊ तुमचं वाचून बरं वाटलं, कंपनीतलं कुणीतरी गोणी उघडली म्हणायची. मी इचलकरंजीत मोटरींचं रिवाइंडिंग करतोय आणि दोन-तीन कंपन्यांचं सर्व्हिस सेंटर पण आहे माझ्याकडं, वडलांपासूनचं दुकान.

तुम्ही शेडमधनं बघताय, आता आमच्या काउंटरवरनं बघा. आमच्याकडं मार्च-एप्रिल-मे मसाल्याचा सीझन, घरोघरी वर्षाची चटणी करायची असती, कांदा-लसूण मसाला. डंकावर नंबर लागत न्हाई म्हणून बायका घरीच थोडं थोडं फिरवत्यात, वाळलेली मिरची, खोबरं, त्यात हळकुंड टाकलं की झालं. मशीनवर ३० मिनिटं रेटिंग असं बारीक लिहिल्यालं असतंय, पण म्हणजे सलग तीस मिनिटं न्हवं, थोडं चालवायचं, थांबवायचं, गार होऊ द्यायचं. हे कुणी सांगत न्हाई. मशीन गरम होती, बटन ट्रिप होतंय, मशीन बंद. बाई घाबरती, वास पण येत असतोय थोडा, नवऱ्याला सांगती, नवरा डीलरकडं. डीलर काय बघणार, त्याला नवी मशीन मिळतीया कंपनीकडनं, तो कशाला उलटी करून बघंल. मे महिन्यात माझ्याकडं आलेल्या कितीतरी मशीन मी बटन दाबून त्याच पिशवीतनं परत पाठवतोय, पैसे घेत न्हाई त्याचे.

दुसरं म्हणजे भांड्याचं बुश. भांड्याच्या बुडाला बुश असतंय, त्याचं सील झिजलं की चटणीचं पाणी खाली गळतंय, कपलरवर, तिथनं मोटरीत. सुरुवातीला बुश बदललं तर काही रुपयाचं काम, आणि तसंच वापरत राहिलं तर बेअरिंग जाम, मग वाइंडिंग जळतंय. म्हणजे एक मशीन कुठल्या दिवशी माझ्या हातात येतीया त्यावर ती जगणार का मरणार ठरतंय. आता तुमच्या पद्धतीत काय होतंय, मशीन डीलरकडं महिनाभर पडती, मग ट्रान्सपोर्टला गोणीत, ना थर्माकोल ना खोका, चार मशीन एकावर एक. भोसरीला पोचंस्तोवर बॉडीला तडा, जार चेपलेला. इथं जी चाळीस रुपयात झाली असती ती तिथं खरंच भंगार होऊन उतरती. आणि गाडीचं डिझेल जाताना एकदा, नवीन मशीन येताना एकदा.

माझी एक विनंती आहे, पार्ट द्या आम्हाला. कपलर, बुश, कार्बन ब्रश, ओव्हरलोड स्विच, एवढे चार पार्ट प्रत्येक सेंटरला आधीच भरून ठेवले तर शेडपर्यंत फार थोडं येईल. आत्ता मला एका कार्बन ब्रशसाठी तीन आठवडे थांबाय लागतंय, तोवर गिऱ्हाईक भांडून नवीन घेऊन जातंय. रिप्लेसमेंट लवकर मिळती आणि पार्ट उशिरा, मग कोण दुरुस्त करंल सांगा.

---

शिफ्ट_बी

मी रिसायकलिंग प्लांटमध्ये काम करतो, रायगड साइडला, कंपनीचं नाव नको. या बाजूचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे मिक्सर आला की आधी हातानं खोलायचा नियम आहे, मोटर वेगळी, जार वेगळा, वायर वेगळी. स्टीलचा जार स्क्रॅपमध्ये छान जातो. मोटरीतलं तांबं मिळतं, पण आर्मेचरच्या, म्हणजे मोटरीतल्या फिरणाऱ्या भागाच्या, खाचांमध्ये ते वार्निशनं असं चिकटलेलं असतं की पूर्ण कधीच निघत नाही, थोडं तांबं लोखंडाबरोबर जातंच जातं. आणि हल्ली बऱ्याच स्वस्त मशीनला ॲल्युमिनियम वाइंडिंग येतं, ते तर वरून कळत पण नाही, कापल्यावर पांढरं दिसतं तेव्हा समजतं. ॲल्युमिनियम परत वितळवलं तर नव्यानं बनवण्याच्या मानानं ९५ टक्के वीज वाचते, म्हणून वेगळं काढायला हवं, पण तांब्यात मिसळलं की दोन्ही खराब.

खरा घोळ बॉडीचा. एबीएस प्लॅस्टिक असतं, त्यावर रंग, त्यावर स्टिकर, आत रबरी पाय स्क्रूनं, कधी पितळी इन्सर्ट ठोकलेले. ईपीआर सर्टिफिकेट धातूंवर निघतं, सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम. प्लॅस्टिकवर निघत नाही. मग डोळ्यांना सगळ्यात मोठी दिसणारी बॉडी आमच्या हिशोबात शेवटी येते. चांगला प्लांट ती ग्रेड करून विकतो, पण त्याची परत मिक्सरची बॉडी होईल असं समजू नका, कुंड्या आणि हँगर होतात. म्हणून भोसरीवाले दादा, तुमच्या नऊ चालू मशीन जेव्हा आमच्याकडे आल्या असत्या तेव्हा शंभर टक्के रिसायकल झाल्या असं कागद म्हणाला असता, आणि मशीनमधलं जे महाग होतं, म्हणजे ती बनवायला लागलेली मेहनत आणि वीज, त्यातलं काही परत आलं नसतं.

तरी पण भंगारवाल्याला देऊ नका कोणी, हे कळकळीनं सांगतो. कंप्लायन्सला नावं ठेवताना लोक तिकडे वळतात. वायर जाळून तांबं काढतात, पीव्हीसीचा काळा धूर, त्यात डायॉक्सिनसारखं विष. मुरादाबादला रामगंगेच्या काठावर सर्किट बोर्ड जाळून काय राख साठली ते सगळ्या देशानं पाहिलंय. नियमांनी एवढं तरी केलं की माल कोणाकडं गेला त्याचा माग राहतो. आणि सर्टिफिकेट घेताना फक्त स्वस्त बघू नका. २०२३ मध्ये प्लॅस्टिकच्या ईपीआरमध्ये सीपीसीबीला सहा लाखांच्या आसपास बोगस सर्टिफिकेट सापडली होती, त्यात महाराष्ट्रातले पण रिसायकलर होते. ई-कचऱ्यात आता सरकारनं रिसायकलरला द्यायचा किलोला किमान २२ रुपयांचा दर ठरवलाय, मोठ्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेल्यात. मला विचाराल तर त्या दराशिवाय नीट काम करणारा प्लांट तगू शकत नाही, कारण धूर न करता वायर सोलणं महाग पडतं.

---

लेजर_नाशिक

वरचं सगळं पटतंय पण मी अकाउंट्सचा माणूस आहे आणि माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका.

दुरुस्ती फुकट होत नाही. परत आलेली मशीन उघडायला टेक्निशियन, टेस्टिंगला जागा, इलेक्ट्रिकल सेफ्टीची टेस्ट परत करायची, नवीन खोका. आणि ती नवीन म्हणून विकता येणार नाही, विकली तर ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, कोणी केलीच तर मी सही करणार नाही. मग रिफर्बिश्ड लिहून कमी भावात विकायची, तर डीलर म्हणतो आमच्या नवीन मालाचा भाव पडतो. म्हणून कंपन्या सरळ फोडून टाकतात, त्यात पर्यावरणाचं शत्रुत्व नसतं, सोय असते.

पण एक गोष्ट मॅनेजमेंटला सांगा जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. माल नष्ट केला किंवा राइट ऑफ केला की जीएसटीच्या कलम १७(५)(ह) खाली त्यावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, सोडावं लागतं. शिवाय रिप्लेसमेंटच्या मशीनचा मटेरियल खर्च, दोन्ही वेळचं भाडं. हे सगळं आमच्याकडे चार वेगवेगळ्या हेडला पडतं, वॉरंटी, फ्रेट, स्क्रॅप लॉस, टॅक्स, त्यामुळे 'एक रिटर्न आम्हाला कितीला पडला' हा आकडा कुठेच एका ओळीत दिसत नाही. मी आमच्याकडे एकदा तो काढून दाखवला तेव्हा डायरेक्टरनी तो कागद स्वतःच्या खिशात घातला. पर्यावरणाच्या नावानं जे हललं नव्हतं ते त्या आकड्यानं हललं.

---

कन्सेंटवाले_काका

नाशिककरांनी बरोबर नस पकडली. त्यालाच जोडून एक. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत एमपीसीबीला, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला, पर्यावरण विवरण द्यावं लागतं, फॉर्म ५. त्यात एका नगामागे किती कच्चा माल, किती पाणी ते विचारतात. आपण काय करतो, एकूण माल भागिले एकूण उत्पादन. त्या उत्पादनात रिप्लेसमेंटला दिलेल्या मशीन पण मोजल्या जातात! म्हणजे एका घरात एकच मिक्सर चालू आहे, पण आपण त्यासाठी दोन बनवले आणि दोन मोजले, तर आकडा छान दिसतो. भोसरीकर, तुम्ही यंदा स्वतःपुरता दुसरा हिशोब करून बघा, भागताना रिप्लेसमेंट वजा करा. फॉर्ममध्ये तो मागत नाहीत, पण तुमची खरी कामगिरी तिथं दिसेल.

---

नेकारकाठची

मी स्टुटगार्टजवळ राहते, मूळची सांगलीची. इथे पॉवर टूल्सच्या रिटर्न विभागात काम करते, म्हणून राहवलं नाही.

इथे सगळं आदर्श आहे असं नाही हं. ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते, त्यामुळे न वापरलेल्या मालाचे डोंगर येतात, आणि कितीतरी वर्षं तो नवा माल सरळ नष्ट व्हायचा कारण तपासण्यापेक्षा ते स्वस्त पडायचं. म्हणजे रिसायकलिंगचे कायदे इतके जुने आणि कडक असूनसुद्धा हेच होत होतं. मग कायद्यालाच रिटर्नकडे वळावं लागलं. फ्रान्सनं २०२२ पासून न विकलेला माल नष्ट करायला बंदी घातली, जर्मनीनं २०२० मध्ये माल वापरण्याजोगा ठेवायची जबाबदारी कंपनीवर टाकली, आणि आता युरोपियन युनियनचा २०२४ चा नियम आहे, त्यात मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे-बूट नष्ट करायची बंदी १९ जुलै २०२६ पासून. विजेच्या वस्तू अजून त्या बंदीत नाहीत.

आमच्या टेबलावर काय करतो ते सांगते. आलेली प्रत्येक वस्तू पहिल्या दोन मिनिटांत चार पेट्यांपैकी एकीत जाते: काहीच बिघाड नाही, छोटा पार्ट, मोटरचं काम, आणि सुटे भाग काढून घ्यायचे. त्या पहिल्या पेटीवर आमची सगळ्यात जास्त भांडणं होतात, कारण 'काहीच बिघाड नाही' याचा अर्थ गिऱ्हाईक खोटं बोललं असा होत नाही. त्याला काहीतरी कळलं नाही, आणि ते आम्हाला सांगता आलं नाही. दर सोमवारी त्या पेटीतल्या वस्तू घेऊन डिझाइनची माणसं बसतात. दादा, तुमचं लाल बटन मशीनच्या खाली का आहे, बाजूला का नाही, हा प्रश्न तुमच्या डिझाइनवाल्यांना विचारलाय का कोणी?

---

भोसरी_स्टोअर्स

सगळ्यांचे मनापासून आभार. दीड महिना लिहिलं नाही कारण करून बघितल्याशिवाय काय लिहायचं.

काय झालं ते सांगतो. शेडच्या दारात एक टेबल टाकलं, दोन प्लग पॉइंट, अर्थिंग नीट करून घेतलं, आणि निवृत्त झालेले आमच्या लाइनचे एक सुपरवायझर काका आठवड्याला तीन दिवस येतात. टेबलावरनं गेल्याशिवाय कुठलीच मशीन आत टाकायची नाही, आणि आत गेली की टॅगवर तारीख. नेकारकाठच्या ताईंच्या चार पेट्या तशाच्या तशा उचलल्या. 'काहीच बिघाड नाही' वाली सगळ्यात आधी भरते.

नाशिककरांनी सांगितलं तसा एका रिटर्नचा सगळा खर्च एका कागदावर काढला, अकाउंट्सच्या मॅडमनी दोन दिवस घातले त्यात. तो बघून साहेबांनी सर्व्हिस सेंटरना चार पार्टचं किट पाठवायला मंजुरी दिली, आधी कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कारण मसाल्याचा सीझन तोंडावर आहे. दुरुस्त झालेल्या मशीन आम्ही विकत नाही. गिऱ्हाइकाची मशीन दुरुस्तीला असताना त्याला वापरायला देतो, टेस्ट करून, वर 'सर्व्हिस सेट' असं छापून. डीलरची तक्रार पण आली नाही आणि फसवणुकीचा प्रश्न पण नाही.

बटनाचं मी डिझाइनला विचारलं. बाजूला आणायचं तर मोल्ड बदलावा लागेल, ते लगेच होणार नाही. तोवर मेन स्विचच्या शेजारी एक स्टिकर लावतोय, 'मशीन बंद पडली? १५ मिनिटं थांबा, खालचं लाल बटन दाबा', मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत. पहिला लॉट मंगळवारी गेला.

आणि एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. काकांनी टेबलावर तुटलेले कपलर वेगळे ठेवायला सुरुवात केली, तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की बहुतेक सगळे एकाच जागी फाटलेत, आणि बॅच कोड बघितला तर दोनच बॅच. सप्लायरला बोलावून दाखवलं, रबर कमी भाजलेलं निघालं. हे कपलर वर्षभर आम्ही मशीनसकट श्रेडरला पाठवत होतो.

इचलकरंजीचे भाऊ, किट तुमच्याकडे पोचलं की प्लीज सांगा. आणि नवीन बॅचचे कपलर त्यात आहेत, त्यांच्यावर खडूनं खूण केलीय, त्यातला एक जरी परत आला तरी फेकू नका.

---

वाइंडिंग_इचलकरंजी

किट आलं बघा काल. कपलर हातात घेऊन दाबून बघितला, आधीच्यापेक्षा कडक हाय. आजच तीन मशीनला लावलेत, तिन्ही गिऱ्हाइकांचे फोन नंबर वहीत लिहून ठेवल्यात, मे संपला की मी सवता फोन लावून विचारतो. कार्बन ब्रश मात्र जुन्या मॉडेलचे आल्यात, नवीन मॉडेलच्या होल्डरला बसत न्हाईत, तेवढे बदलून पाठवा, दोन मशीन थांबल्यात माझ्याकडं.

---

भोसरी_स्टोअर्स

उद्याच्या पार्सलला टाकतो.